उपाशी अजगराची शुश्रूषा

गाय आजारी पडली तर काय करावें, पोपटानें दाणा सोडला तर कोणता उपाय करावा, याचें थोडेंफार ज्ञान पूर्वीं बहुतेक कुटुंबांत असे. साप आजारी पडला तर काय करावें, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रांत सहसा कोणी विचारीत नाहीं. साप दिसला कीं काठी शोधावी, अथवा अलीकडे सर्पमित्राला बोलवावें, एवढाच येथील गृहस्थाचा सापाशीं संबंध. परंतु इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांतील असंख्य घरांत साप हा मांजराप्रमाणें पाळीव प्राणी म्हणून नांदत आहे. आणि जो प्राणी पाळला जातो त्याची हेळसांडहि कोठें ना कोठें होतच असते. अशा हेळसांड झालेल्या, उपासमारीनें खंगलेल्या सापाला पुन्हां धडधाकट करण्याचें एक शास्त्र आहे. त्या शास्त्राचा पहिलाच नियम असा विलक्षण आहे कीं, तो समजून घेतांना भुकेविषयींच्या आणि दयेविषयींच्या कित्येक समजुती तपासून पाहाव्या लागतात. तो नियम असा : उपाशी सापाला आधीं अन्न देऊं नये.

त्या देशांत फार आवडीनें पाळल्या जाणाऱ्या सापांपैकीं एक म्हणजे आफ्रिकेंतील एक लहान अजगर. शास्त्रज्ञ त्याला ‘पायथन रेजियस’ म्हणतात. 1802 सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें. इंग्लंडांत त्याला ‘रॉयल पायथन’, म्हणजे राजअजगर, आणि अमेरिकेंत ‘बॉल पायथन’, म्हणजे चेंडू-अजगर, असें म्हणतात. हें दुसरें नांव त्याच्या स्वभावावरून पडलें आहे. भय वाटलें असतां हा साप सहसा अंगावर येत नाहीं. अंगाचें वेटोळें करून, डोकें मध्यें लपवून, लोकरीच्या गुंड्यासारखा स्वस्थ बसतो. त्याला विष नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंत गवताळ प्रदेशांत व विरळ रानांत तो राहतो. दिवसां उंदरांच्या अथवा वाळवीच्या बिळांत पडून राहावें आणि रात्रीं भक्ष्याच्या शोधांत निघावें, असा त्याचा क्रम असतो. पूर्ण वाढलेला साप सामान्यतः तीन ते पांच फूट भरतो, आणि मादी नराहून मोठी असते. बेनिन देशांतील विदा या गांवीं या अजगरांचें एक देऊळ आहे. तेथें त्यांना पूज्य मानतात, आणि एखादा अजगर कोणाच्या घरांत शिरलाच तर त्याला इजा न करतां देवळांत परत नेऊन सोडतात. त्याच बेनिन, टोगो आणि घाना या देशांतून गेल्या कांहीं दशकांत या जातीचे अगणित साप परदेशच्या बाजारांत गेले. एके ठिकाणीं देवत्व आणि दुसरे ठिकाणीं दुकानांतील कांचेची पेटी, असा या प्राण्याच्या नशिबाचा फेरा आहे.

हेळसांड बहुधा दुष्टपणानें होत नाहीं. मुलगा हट्ट धरतो, बाप साप विकत आणतो. कांहीं वर्षांनीं मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जातो, आणि पेटी दिवाणखान्यांतून अडगळीच्या खोलींत जाते. कुत्रा उपाशी राहिला तर केंकाटतो, मांजर पायांत घोटाळतें, पोपट पिंजरा डोक्यावर घेतो. साप कांहींच करीत नाहीं. तो उपाशी असला तरी तसाच पडून राहतो, आणि तृप्त असला तरी तसाच पडून राहतो. त्यांतून ही जात अशी, कीं चांगली निरोगी असतांनाहि कधीं कधीं महिनेच्या महिने अन्नाला तोंड लावीत नाहीं. त्यामुळें ‘त्याला भूक नसेल’ ही सबब घरच्यांना सदैव हाताशीं असते. शिवाय साप फार जगतो. नीट निगा राखली तर हा अजगर वीस-तीस वर्षें सहज काढतो. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील प्राणिसंग्रहालयांत 1961 सालीं आलेल्या या जातीच्या एका मादीनें 2020 सालीं, म्हणजे साठी उलटून गेल्यावर, सात अंडीं घातलीं. ज्या प्राण्याचें आयुष्य असें मनुष्याच्या आयुष्याला लागून चालतें, तो प्राणी एका वाढदिवसाच्या उत्साहांत घरीं आणणें म्हणजे न वाचतांच खतावर सही करणें होय.

आतां एक उदाहरण घ्यावें. हें कोण्या एका घरचें चित्र नाहीं. अशा सापांत नेहमीं आढळणारीं लक्षणें एकत्र करून तें उभें केलें आहे. इंग्लंडांतील एक शहर, फेब्रुवारीचा महिना. भाडेकरू घर सोडून गेला आहे आणि मागें राहिलेल्या सामानांत एक कांचेची पेटी आहे. पेटीवरील उष्णतेचा दिवा केव्हांच विझला आहे, पाण्याचें भांडें कोरडें आहे, आणि कोपऱ्यांत चार फूट लांबीची एक मादी पडली आहे. एवढ्या मादीचें वजन दीड किलोच्या आसपास असावयास पाहिजे. तें भरतें आठशें ग्रॅम. निरोगी अजगराचें अंग आडव्या छेदांत गोल भरतें. हिचें मात्र पाठीचा कणा वर येऊन घराच्या आढ्यासारखें त्रिकोणी झालें आहे. कातडी चिमटींत धरून सोडली तर सुरकुती तशीच राहते. डोळे आंत गेले आहेत. जुनी कात सबंध न निघतां तिचे तुकडे अंगाला जागोजागीं चिकटलेले आहेत. हनुवटीखालीं आणि डोळ्यांच्या कडेला मोहरीहूनहि बारीक काळसर किडे हिंडत आहेत. शेजारच्या बाईला दया येते. ती पेटी आपल्या घरीं नेते. भुकेलेल्याला अन्न द्यावें, हा संस्कार सर्व जगांत सारखाच आहे. ती दुकानांतून एक मोठा उंदीर आणविते. येथेंच सापाच्या प्राणाला खरा धोका उत्पन्न होतो.

तो कसा, हें समजण्यासाठीं सापाच्या देहाची रचना थोडी पाहिली पाहिजे. मनुष्य, गाय, चिमणी हे प्राणी खाल्लेल्या अन्नाचा फार मोठा भाग अंगाची ऊब टिकविण्यांत खर्च करतात. सापाची तऱ्हा निराळी. त्याची ऊब बाहेरून येते. तापलेली जमीन आणि सूर्य हीच त्याची चूल. त्यामुळें त्याचा खर्च फार थोडा, आणि म्हणूनच दहा-बारा दिवसांतून एका जेवणावर त्याचा निर्वाह होतो. परंतु याच काटकसरीची दुसरी बाजू अशी कीं, बाहेरची ऊब नाहींशी झाली तर आंतील सर्व कारखाने मंदावतात. पाचक रस पुरेसे सुटत नाहींत, आंतड्यांची हालचाल मंदावते, आणि रोगजंतूंशीं झगडणारी रक्तांतील शक्तिहि क्षीण होते. अशा थंड पोटांत गिळलेला उंदीर पचत नाहीं. तो कुजूं लागतो. साप तो ओकून टाकतो, आणि त्या ओकारीबरोबर अंगांत शिल्लक असलेलें थोडेंसें पाणी, क्षार व पाचक रसहि बाहेर जातात. अशक्त सापाला हा तोटा पुष्कळदां भरून काढतां येत नाहीं.

दुसरें कारण याहूनहि कुतूहलाचें आहे. अमेरिकेंतील स्टीफन सेकॉर व जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनीं 1990 नंतरच्या दशकांत ब्रह्मदेशी अजगरांवर प्रयोग केले. त्यांत असें दिसून आलें कीं, अजगर दीर्घकाळ उपाशी असतो तेव्हां त्याचें आंतडें जणूं कुलूप लावून ठेवलेलें असतें. तें आकसतें व त्याचें काम जवळजवळ थांबतें. भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांच्या आंत त्याच आंतड्याचें वजन जवळजवळ दुप्पट होतें, आणि देहांतील प्राणवायूचा खर्च कित्येक पटींनीं वाढतो. पुढें 2005 सालीं दुसऱ्या एका संशोधनांत, जेवणानंतर 48 तासांत अजगराचें हृदय सुमारें 40 टक्क्यांनीं मोठें झाल्याचें नोंदविलें गेलें. म्हणजे जेवण पचविणें हें अजगराला बसल्या जागीं केलेल्या मोठ्या श्रमाचें काम आहे. मिळकत हातीं येण्यापूर्वीं त्याला घरचें भांडवल घालावें लागतें. धडधाकट अजगरापाशीं तें भांडवल असतें. ज्याची चरबी संपली, स्नायु झिजले, रक्त घट्ट झालें, त्यानें तें कोठून आणावें?

साप उपास कसा सोसतो, याचाहि अभ्यास झालेला आहे. मार्शल मॅक्यू या संशोधकानें 2007 सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत, 168 दिवसांपर्यंत उपाशी ठेवलेल्या सापांचें वर्णन आहे. त्यांत हा चेंडू-अजगरहि होता. त्या सापांनीं आपल्या देहाचा आधींच थोडा असलेला खर्च आणखी घटविला; कांहींनीं तर तो 72 टक्क्यांपर्यंत कमी केला. दिवस वाईट आले असतां घरची बाई जशी एकेक दिवा मालवीत जाते, तसाच हा प्रकार. असें अंधारलेलें घर पुन्हां उजळावयाचें तें एकेक दिवा लावूनच उजळलें पाहिजे.

मनुष्याच्या बाबतींतहि हा नियम खोटा नाहीं, आणि तो फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. एप्रिल 1945 मध्यें ब्रिटिश सैन्यानें जर्मनींतील बेर्गन-बेल्सन येथील छळछावणी मुक्त केली. आंतील हाडांचे सांपळे पाहून सैनिकांचीं मनें कळवळलीं आणि त्यांनीं आपल्याजवळचें डब्यांतील मांस व इतर पौष्टिक अन्न त्या लोकांना वाटलें. तें अन्न कित्येकांना सोसलें नाहीं व त्यांत त्यांचा अंत झाला. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न पोटांत गेलें कीं रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम इत्यादि क्षार झपाट्यानें पेशींत ओढले जातात. रक्तांत त्यांचा तुटवडा पडतो व हृदयाची गति बिघडते. मुदतीच्या तापांतून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशीं पुरणपोळी न देतां भाताची पेज आणि मुगाचें कढण देणाऱ्या आजीबाईंना या क्षारांचीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु नियम ठाऊक होता. खंगलेल्या सापाच्या बाबतींत पशुवैद्य हाच नियम पाळावयास सांगतात. क्रम असा : आधीं ऊब, मग पाणी, मग विश्रांति, आणि सर्वांच्या शेवटीं अन्न.

ऊब द्यावयाची तीहि बेताबेतानें. गारठलेल्या सापाला शेकोटीपाशीं ठेवणें किंवा गरम पाण्यांत बुडविणें हा अघोरी उपाय होय. कांहीं तासांच्या अवधींत हळूहळू त्याचें अंग उबेला आणावें. पेटीची रचना अशी असावी कीं, तिच्या एका टोकाला उष्णता सुमारें 31 ते 32 अंश सेल्सियस राहील आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 26 अंश. दोन टोकें ठेवण्याचें कारण, सापाला घाम येत नाहीं किंवा पांघरूण घेतां येत नाहीं. जागा बदलणें हाच त्याचा एकमेव उपाय. किती ऊब हवी हें त्याचें त्यालाच ठरवूं द्यावें. उष्णतेचा दिवा किंवा तापणारी चटई यांना थर्मोस्टॅट, म्हणजे ठराविक उष्णतेला वीज आपोआप बंद करणारें यंत्र, जोडलेलें असलेंच पाहिजे. ही काळजी न घेतल्यामुळें सापांच्या पोटाला मोठमोठे चट्टे पडलेले पशुवैद्य नेहमीं पाहतात. तापलेला पृष्ठभाग पोटाखालीं असूनहि पुष्कळदां साप तेथून हलत नाहीं व भाजून निघतो. हाताला कोमट वाटलें म्हणजे झालें, अशा अंदाजावर न राहतां दोन्ही टोकांना उष्णतामापक ठेवावा.

ऊब मिळूं लागली कीं दुसरी पायरी पाण्याची. उपासमारीहून तहान सापाला लवकर मारते, आणि शरीरांतील पाणी आटलेलें असतां मूत्रपिंडांवर ताण पडतो. स्वच्छ पाण्याचें जड, न कलंडणारें भांडें नेहमीं पेटींत असावें. पुष्कळ साप ऊब आल्यावर स्वतःच पाण्याकडे जातात व बराच वेळ शांतपणें पीत राहतात. शुश्रूषा करणाऱ्याला धीर देणारें हें पहिलें चिन्ह. याखेरीज उथळ भांड्यांत, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच, साधारण 28 ते 30 अंशांचें कोमट पाणी घेऊन त्यांत त्याला पंधरा-वीस मिनिटें ठेवतात. तेवढा वेळ जवळून हलूं नये. अशक्त सापाला डोकें वर धरण्याचेंहि त्राण नसतें व बोटभर पाण्यांतहि तो गुदमरूं शकतो. साप फारच सुकला असेल तर पशुवैद्य सुईनें अंगांत द्रव भरतो अथवा बारीक नळीनें तो पोटांत सोडतो. हें काम घरीं करावयाचें नव्हे. नळी चुकून श्वासनलिकेंत गेली तर उपचारानेंच मृत्यु ओढवावयाचा.

पेटींतील हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखली कीं अंगाला चिकटलेली कात सुटूं लागते. ओलसर शेवाळ घातलेलें एक झांकणाचें डबडें, त्याला सापाच्या जाडीचें भोक पाडून, पेटींत ठेवावें. साप त्यांत जाऊन बसतो आणि एक-दोन दिवसांत जुन्या कातीचे तुकडे मऊ होतात. ते ओढून काढण्याचा मोह आवरावा, विशेषतः डोळ्यांवरचे. सापाला पापण्या नसतात. त्याच्या प्रत्येक डोळ्यावर घड्याळाच्या कांचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, व तो कातीबरोबर निघून नवा येतो. जुना खवला वर तसाच राहिला म्हणून चिमट्यानें उपटूं गेलें तर त्याखालचा नवा खवलाहि फाटतो आणि डोळा कायमचा जातो. त्या बारीक काळ्या किड्यांचा बंदोबस्त मात्र तत्काळ केला पाहिजे. ते रक्त पितात, त्यामुळें साप पांढुरका व निस्तेज होतो, आणि एका सापाचा रोगहि ते दुसऱ्याला देऊं शकतात. साप तासन् तास पाण्यांत बसून राहूं लागला आणि भांड्याच्या तळाशीं काळे ठिपके दिसूं लागले, तर या किड्यांचा संशय घ्यावा. पेटी रिकामी करून, धुवून, आंत नुसता पांढरा कागद अंथरावा. किडे लगेच दिसतात व कागद रोज जाळून टाकतां येतो. औषध पशुवैद्यानें सांगितलेलेंच वापरावें. घरांतील किडे मारण्याची फवारणी सापावर केली तर किड्यांच्या आधीं सापच दगावण्याची भीति असते.

पशुवैद्याकडे नेण्यास विलंब लावूं नये अशीं आणखी दोन लक्षणें आहेत. हिरड्यांवर लाल ठिपके किंवा दह्यासारखा पू दिसला, तर तो मुखपाक होय. साप तोंड उघडें ठेवून, मान वर करून श्वास घेत असेल आणि नाकातोंडाशीं बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसाचा दाह झाला आहे असें समजावें. दोन्ही विकार गारठलेल्या व कुपोषित सापांना जडतात. येथेंहि उबेचें महत्त्व विसरूं नये. साप थंड असेल तर दिलेलें औषध त्याच्या अंगांत नीट भिनत नाहीं व त्याचा स्वतःचा देहहि जंतूंशीं लढत नाहीं. घरांत दुसरा साप असेल तर हा नवा रोगी कमींत कमी तीन महिने वेगळ्या खोलींत ठेवावा.

तिसरी पायरी विश्रांतीची, आणि मनुष्याला तीच सर्वांत कठीण जाते. आजारी मूल उचलून घ्यावें, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवावा. त्यांना त्यानें बरें वाटतें. सापाला स्पर्शाचें सुख अशा रीतीनें ठाऊक नाहीं. त्याच्या लेखीं उचलणारा हात हा शिकारी पक्ष्याच्या पंजासारखाच असतो. त्याला हवी असते चारी बाजूंनीं अंगाला लागणारी, अंधारी, बिळासारखी जागा. ऊबदार टोकाला एक व गार टोकाला एक अशीं दोन लपण्याचीं ठिकाणें द्यावींत. एकच दिलें तर ऊब आणि निर्भयता यांपैकीं एकाचीच निवड करण्याची पाळी त्याच्यावर येते. वजन करणें, पेटी साफ करणें, औषध देणें, एवढ्यापुरताच हात लावावा. एरवीं दार लोटून घ्यावें आणि त्याला एकटें राहूं द्यावें. कांहीं प्राण्यांवर प्रेम करावयाचें तें दुरूनच करावें लागतें.

अशा रीतीनें एक-दोन आठवडे गेले, कातडी भरून आली, डोळे वर आले, रात्रीं साप पेटींत हिंडूं फिरूं लागला व जीभ बाहेर काढून हवेचा गंध घेऊं लागला, म्हणजे चौथ्या पायरीची वेळ आली. पहिलें जेवण लहान असावें. उदाहरणांतल्या आठशें ग्रॅमच्या मादीला वीस-पंचवीस ग्रॅमचा एक लहान पांढरा उंदीर पुरे. जिवंत उंदीर कधींहि देऊं नये. अशक्त साप तो मारूं शकत नाहीं, उलट उंदीरच त्याला कुरतडतो. बर्फांत गोठवून ठेवलेले उंदीर या देशांत दुकानांत विकत मिळतात. तो आंतपर्यंत वितळवून, कोमट करून, चिमट्यानें रात्रीच्या वेळीं सापापुढें धरावा. या अजगराच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. थंड भक्ष्याकडे तो पुष्कळदां लक्षच देत नाहीं. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला मुळींच हात लावूं नये. जेवण ओकून पडलें नाहीं, तर दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां तेवढेंच द्यावें. अशीं तीन-चार जेवणें पचल्यावर मगच आकार वाढवावा. ओकारी झालीच तर घाबरून लगेच दुसरा उंदीर देऊं नये. निदान दोन आठवडे पोटाला विसांवा द्यावा, उष्णता तपासावी व पशुवैद्याला दाखवावें. आणि तोंड उघडून बळेंच अन्न कोंबणें हा शेवटचा उपाय आहे, तोहि जाणत्याच्या हातचा.

या सर्व काळांत शुश्रूषा करणाऱ्याचा खरा सोबती म्हणजे स्वयंपाकघरांतील तराजू आणि एक वही. आठवड्यांतून एकदां, एकाच वारीं, वजन करून तें तारखेसह लिहावें. सापाच्या चेहऱ्यावर सुखदुःख उमटत नाहीं. त्याची प्रकृति काय म्हणते हें त्या आंकड्यांवरून कळतें. पहिले कांहीं आठवडे आंकडा जवळजवळ हलत नाहीं. पाणी भरून आल्यानें तो जरा वर जातो, मग थबकतो. पुढें पांच-दहा ग्रॅमांनीं चढूं लागतो. आठशें ग्रॅमवरून दीड किलोवर येण्यास बहुधा वर्षाच्या आसपास, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो. मध्येंच साप अन्न नाकारतो; वजन टिकून असेल तर तो या जातीचा स्वभाव म्हणून सोडून द्यावा, वजन घसरत असेल तरच चिंता करावी.

शुश्रूषा करणाऱ्यानें स्वतःच्या घराचीहि काळजी घेतली पाहिजे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेंतहि साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व त्यांपासून माणसांना ताप व हगवण होते. साप, त्याचें भांडें अथवा पेटी हाताळल्यावर साबणानें हात धुवावेत, तीं भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत धुवूं नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया व आजारी वृद्ध यांना या कामापासून दूर ठेवावें. आणखी एक कटु गोष्ट. सर्वच साप वांचत नाहींत. अजगरांच्या जातींत विषाणूंपासून होणारा एक मज्जासंस्थेचा रोग आहे. त्यावर औषध नाहीं. अशा वेळीं पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणें हाच दयेचा शेवटचा प्रकार उरतो. इंग्लंड व वेल्स येथील 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यानें, पाळलेल्या प्रत्येक पृष्ठवंशीय प्राण्याच्या गरजा भागविणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. आणि त्या प्राण्यांत सापहि येतो.

हिंदुस्थानांत ही सर्व माहिती निराळ्या दृष्टीनें उपयोगी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथील नाग, धामण, अजगर इत्यादि साप घरीं ठेवण्यास मनाई आहे, मग ते ठेवण्यामागचा हेतु शुश्रूषेचा असला तरी. आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर परदेशी अजगर बाळगणाऱ्यांनाहि सरकारकडे नोंद करावी लागते. जखमी अथवा खंगलेला साप दिसला तर महाराष्ट्रांत वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावें, हेंच योग्य. परंतु उपाशी सापापुढें चुकीचें अन्न ठेवण्याची चूक येथेंहि पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलींतील नाग दूध पितांना पाहून भाविकांना धन्यता वाटे. वास्तविक दूध हें सापाचें अन्नच नव्हे. सणापूर्वीं कित्येक दिवस त्या नागाला पाण्याचा थेंबहि दिलेला नसे, पुष्कळदां त्याचे दांत उपटलेले असत. तहानेनें व्याकूळ होऊन तो पुढें येईल तो द्रव पीत असे. न पचणाऱ्या त्या दुधानें, आणि तोंडांतील जखमांनीं, पुढें त्याचा अंत होई. विलायतेंतील शेजारीण मोठा उंदीर आणते आणि येथील माउली दुधाची वाटी पुढें करते. दोघींच्या मनांत दयाच असते. उणें पडतें तें एवढेंच कीं, समोरच्या जिवाला काय हवें आहे, हें विचारण्यास कोणी थांबत नाहीं.

उदाहरणांतली मादी, क्रम पाळला गेला तर, बहुधा वांचते. कित्येक महिन्यांनीं एके दिवशीं तिचे डोळे निळसर दुधाळ होतात, अंगाची झळाळी मावळते, आणि नंतर चार-सहा दिवसांनीं सकाळीं पेटींत एक सबंध कात पडलेली दिसते; ओठापासून शेंपटीच्या टोकापर्यंत अखंड, आणि डोक्याच्या जागीं डोळ्यांच्या दोन्ही चकत्या जशाच्या तशा. ती कात हातांत घेऊन उजेडाकडे धरावी आणि दोन्ही चकत्या आहेत ना, हें पाहावें. त्या असल्या म्हणजे वहींत त्या तारखेपुढें तेवढी नोंद करावी, पाण्याचें भांडें भरावें, आणि दार पुन्हां लोटून घ्यावें.